कोरियन टायपिंगमधे शेवटचं अक्षर गायब नाहीतर डबल, डेस्कटॉप अ‍ॅप टेस्ट कसं करायचं?

घणसोली_लोकल
मंडळी नमस्कार. मी महाप्याला एका कंपनीत क्यूएमधे, म्हणजे टेस्टिंगला आहे. आमचं एक डेस्कटॉप अ‍ॅप आहे, नोट्स आणि ड्रॉइंग एकत्र, क्यूटी ह्या सी प्लस प्लस लायब्ररीत लिहिलेलं, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, आणि त्याच्या जोडीला एक छोटं चॅट आहे ते इलेक्ट्रॉनवर, म्हणजे आतून क्रोमियम ब्राउझरच. क्लायंट सोलचा. गेले काही दिवस तिकडून कोरियन टायपिंगच्या तक्रारींचा नुसता पाऊस पडतोय आणि आमच्या डेव्हलपरचं प्रत्येक टिकेटवर एकच उत्तर, माझ्याकडे होत नाही, बंद करा.
तक्रारी साधारण अशा. नोट लिहिताना मधेच दुसरीकडे क्लिक केलं की शेवटचं अक्षर उडतं, किंवा जिथे क्लिक केलं तिथे जाऊन पडतं. चॅटमधे एंटर मारला की मेसेज जातो आणि त्याच्या पाठोपाठ शेवटचं अक्षर वेगळा मेसेज म्हणून परत जातं. सर्च बॉक्समधे शेवटचं अक्षर धरलंच जात नाही. आणि कॅनव्हासवर ब्रशचे वगैरे एका अक्षराचे शॉर्टकट आहेत ते कोरियन मोड चालू असला की मेलेलेच.
मला कोरियन येत नाही, टीममधे कोणालाच येत नाही. आमच्याकडे दहा वाजले की तिकडे दीड, म्हणजे आपले अडीच झाले की त्यांची घरी जायची वेळ, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांना विचारत बसणं पण जमत नाही. मला हे नीट समजून घेऊन टेस्ट करायचंय, नुसतं त्यांनी सांगितलेलं टिक करायचं नाहीये. कोणी केलंय का हे काम?

वागळे_सर्कल
डेव्हलपर टेस्ट कसं करतो ते विचार आधी. ट्रान्सलेटमधून कोरियन कॉपी करून पेस्ट करत असेल तर त्याला जन्मात बग दिसणार नाही.

घणसोली_लोकल
हो, पेस्टच करतो.

खाडीपलीकडे
मग उत्तर तिथेच मिळालं. पेस्टमधे अक्षरं तयार होऊन येतात. बग आहे तो अक्षर तयार होत असताना. मी ठाण्यातून काम करतो, बरीच वर्षं सी प्लस प्लस आणि क्यूटीवर आहे, एडिटर बनवलेत, आणि माझं ठाम मत आहे की इनपुट मेथडचे, म्हणजे दाबलेल्या बटणांतून अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचे, बग पेस्ट करून किंवा कोड वाचून सापडत नाहीत, स्वतःच्या बोटांनी टाइप करावं लागतं. भाषा यायची गरज नाही पण अक्षर कसं जुळतं ते कळलं पाहिजे. सानपाडा ताई आहेत का इथे, त्या कोरियन शिकल्यात ना?

सानपाडा_जंक्शन
आहे आहे, आत्ता गाडीतच होते. दादा सांगते.
कोरियन लिपी म्हणजे हान्गुल. प्रत्येक अक्षर चौकोनी दिसतं पण आत दोन-तीन तुकडे असतात, सुरुवातीचं व्यंजन, मग स्वर, आणि वाटलं तर शेवटी अजून एक व्यंजन. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची २७ आणि शेवटी काहीच नसणं हा अठ्ठाविसावा पर्याय, ह्यांचा गुणाकार केला की ११,१७२ अक्षरं होतात आणि युनिकोडात ती सगळी तयार अक्षरं म्हणून दिलेली आहेत, १९९६ च्या युनिकोड २.० पासून आत्ताच्या जागेवर आहेत. पण कीबोर्डवर एवढी बटणं कुठून आणणार, म्हणून बटणांवर फक्त तुकडे असतात, डाव्या हाताला व्यंजनं, उजव्या हाताला स्वर, ह्या लेआउटला दुबोलसिक म्हणतात आणि बहुतेक सगळे कोरियन हाच वापरतात. तुकडे जोडून अक्षर बनवायचं काम आयएमई, म्हणजे तीच इनपुट मेथड, करतं.
आता हे स्वतः करून बघ. विंडोजमधे कोरियन भाषा अ‍ॅड कर, १०१ कीचा टाइप १ निवडलास तर उजवं अल्ट दाबून कोरियन-इंग्रजी बदलता येतं. मग इंग्रजी कीबोर्डवरची जी, के, एस, के ही बटणं दाब, एकेक करून, सावकाश. आधी ह दिसेल, मग हा, मग हान, आणि चौथं बटण दाबलं की ते हान मोडून हा आणि ना अशी दोन अक्षरं होतील. तो न म्हणजे लोकलमधे चौथ्या सीटवर टेकलेला माणूस, पुढच्या स्टेशनला स्वर चढला की उठून त्याच्याबरोबर जाऊन बसतो. कोरियन लोक ह्याला दोक्केबीबुल म्हणतात, त्यांना ह्यात काही विशेष वाटत नाही कारण लहानपणापासून तेच बघतात, पण आपलं अ‍ॅप इथेच गडबडतं.

घणसोली_लोकल
ताई करून बघितलं!! आत्ता पहिल्यांदा कळलं की काय चाललंय ते. म्हणजे हान दिसत असलं तरी ते अजून पक्कं नाहीये.

खाडीपलीकडे
बरोबर पकडलंस. त्या कच्च्या अक्षराला प्रीएडिट म्हणतात आणि पक्कं झालं की कमिट. आणि आता ऐक, कारण सगळे बग ह्या एका गोष्टीतून येतात.
जपानीमधे माणूस टाइप करतो, स्पेस दाबून पर्याय बघतो, आणि एंटर मारून सांगतो की हे पक्कं कर. चायनीजमधे पण पर्याय निवडतो. म्हणजे पक्कं करायची एक वेगळी कृती असते. कोरियनमधे रोजच्या टायपिंगला अशी कृतीच नाही. पुढचं अक्षर सुरू झालं की मागचं पक्कं होतं, स्पेस दिली की पक्कं होतं आणि शिवाय स्पेसही पडते. त्यामुळे कोरियन माणूस टाइप करून थांबतो तेव्हा शेवटचं अक्षर जवळजवळ कायम कच्चंच असतं. आणि त्या अवस्थेत तो सेव्हवर क्लिक करतो, टॅब दाबतो, बाण दाबतो, दुसऱ्या विंडोत जातो. ज्या टीमने फक्त जपानीवर टेस्ट केलंय त्यांच्या अ‍ॅपमधे हे निसटतं, कारण जपानी माणूस क्लिक करायच्या आधी एंटर मारून मोकळा झालेला असतो.
म्हणून माझा नियम असा की कर्सर किंवा फोकस हलवणारी अ‍ॅपमधली प्रत्येक जागा शोधायची आणि हलवायच्या आधी कच्चं अक्षर पक्कं होतंय का ते बघायचं. क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलंय की कर्सर दुसरीकडे नेण्यासारखं काहीही, ज्याने टायपिंग तुटतं, ते करायच्या आधी इनपुट मेथडचं कमिट बोलवा. क्यूटीच्या स्वतःच्या लाइन एडिटमधे हे केलेलं आहे. तुमचा नोट्सचा एडिटर घरी बनवलेला असणार, बरोबर ना?

घणसोली_लोकल
हो घरचाच आहे. कॅनव्हासवर टेक्स्ट बॉक्स फिरवता यावेत म्हणून सगळं स्वतः काढतो आम्ही.

खाडीपलीकडे
मग डेव्हलपरला सांग की इनपुट मेथडचा प्रत्येक इव्हेंट आणि माऊसचा इव्हेंट एकाच लॉगमधे छापून दे, वेळेसकट. मग तू हाना टाइप कर, थांब, आणि वरच्या ओळीवर क्लिक कर. लॉग इथे टाक.

घणसोली_लोकल
घ्या. लिनक्सवरचा आहे, उबुंटू, आणि आयबस-हान्गुल ही तिथली कोरियन इनपुट मेथड. वेळेचा कॉलम काढलाय, नावं मराठीत लिहितो म्हणजे इतरांना पण वाचता येईल.

प्रीएडिट: ह
प्रीएडिट: हा
प्रीएडिट: हान
कमिट: हा
प्रीएडिट: ना
माऊस दाबला, कर्सर ओळ १ वर
प्रीएडिट: रिकामं
कमिट: ना

आणि स्क्रीनवर खालच्या ओळीत फक्त हा राहिलं आणि ना वरच्या ओळीत जाऊन पडलं. क्लायंटची तक्रार हीच होती, आमच्या ऑफिसात आज पहिल्यांदा दिसली! डेव्हलपरला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि त्याच्या हातानेच टाइप करायला लावलं, आता तो स्वतःच पेटलाय.

खाडीपलीकडे
छान लॉग आहे, शेवटच्या तीन ओळी बघ. कर्सर आधी हलला आणि कमिट नंतर आलं, त्यामुळे ना नव्या जागी पडलं. क्रम उलटा हवा. तुमच्या माऊस दाबल्याच्या फंक्शनमधे कर्सर हलवायच्या आधी कमिट बोलवा, फोकस जातानाही तेच.
पण एक गोष्ट आत्ताच सांगतो म्हणजे पुढे त्रास नको. रिसेट आणि कमिट ह्यात फरक आहे. रिसेट म्हणजे कच्चं टाकून द्या, ते वापरलंत तर अक्षर गायब होईल, विंडोजवर पण तसंच आहे, चालू अक्षर पूर्ण करा असं सांगायचं की रद्द करा असं सांगायचं हे दोन वेगळे पर्याय आहेत आणि लोक बिनधास्त रद्द करा वापरतात. दुसरं टोक म्हणजे अ‍ॅपनेही कच्चं अक्षर स्वतः लिहून टाकलं आणि आयएमईनेही पाठवलं, मग डबल होतं. गायब आणि डबल ही एकाच नाण्याची… म्हणजे दोन्हीचं मूळ हेच की अक्षर पक्कं कोणी करायचं हे ठरलेलं नाही. फिक्स झाल्यावर तिन्ही ओएसवर बघायचं कारण लिनक्सवर गायब होणारं विंडोजवर डबल होऊ शकतं.

तलावपाळी_संध्याकाळ
चॅटचा एंटरवाला बग मी सोडवलाय, तो घ्या माझ्याकडून. क्रोमियम मॅकवर काय होतं की अक्षर कच्चं असताना एंटर दाबला तर कीडाऊन, म्हणजे बटण दाबल्याचा इव्हेंट, दोनदा येतो. पहिला येतो तेव्हा इज-कंपोझिंग (अक्षर अजून कच्चं आहे) खरं असतं आणि कीकोड २२९ (बटण आयएमईकडे गेलंय) असतो, मग आयएमई अक्षर पक्कं करतं, आणि मग खरा एंटर येतो. तुमच्या कोडमधे नुसतं की एंटर आहे का एवढंच बघितलं असणार, म्हणून पहिल्यालाच मेसेज गेला, बॉक्स रिकामा केला, त्या रिकाम्या बॉक्समधे आयएमईने शेवटचं अक्षर टाकलं आणि दुसऱ्या एंटरने ते पण गेलं. उपाय म्हणजे इज-कंपोझिंग खरं असेल तर हात न लावता परत जा, दुसऱ्या कीडाऊनला पाठवा. रिअ‍ॅक्ट असेल तर ते त्या लायब्ररीच्या इव्हेंटवर नसतं, आतल्या नेटिव्ह इव्हेंटवर बघावं लागतं, इथे बरेच जण फसतात.
वेबवरही तेच चॅट चालत असेल तर सफारी वेगळी वागते, तिथे कंपोझिशन संपल्याचा इव्हेंट आधी येतो आणि मग कीडाऊन, म्हणजे इज-कंपोझिंग खोटं दिसतं, पण कीकोड मात्र २२९ असतो. म्हणून दोन्ही तपासा. कीकोड वापरू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण इथे त्याच्याशिवाय भागत नाही.

घणसोली_लोकल
आमच्याकडे रिअ‍ॅक्टच आहे. उद्याच सांगतो.

वागळे_सर्कल
मी जरा विरोधी बाजू घेतो, राग मानू नका. आमच्याकडे असे बग कायम खालच्या प्रायॉरिटीला जातात. एक क्लायंट, एक भाषा, आणि माणूस शेवटी स्पेस मारून काम चालवतोच की. ह्या सगळ्याला एवढा वेळ मॅनेजरकडून कसा मागणार?

सानपाडा_जंक्शन
वागळे, स्पेस मारून चालवतात हे खरंय, माझी कोरियन मैत्रीण काही अ‍ॅपमधे सवयीने शेवटी स्पेस देऊन मग ती खोडते. पण विचार करा, कोरियन नाव बहुतेक वेळा तीन अक्षरांचं असतं, एक आडनाव आणि दोन नावाची. फॉर्ममधे नाव लिहिलं, लगेच सेव्हवर क्लिक केलं, आणि शेवटचं अक्षर गेलं, तर ते नाव अर्धवट दिसेल असं नाही, दोन अक्षरी पूर्ण नावासारखंच दिसेल. कोणाला संशयही येणार नाही. पेशंटची नोंद असेल, शाळेतली असेल, कुरिअरची असेल. हे खालच्या प्रायॉरिटीचं कसं? डेटा बिघडतोय हा, तोही चुपचाप.

वागळे_सर्कल
हे मुद्देसूद आहे ताई. डेटा करप्शन म्हणून टिकेट टाकलं तर कोणी खाली ढकलणार नाही.

घणसोली_लोकल
ते मी आजच बदललं. टिकेटचं नाव होतं कोरियन टायपिंग इश्यू, आता लिहिलंय की सेव्ह करताना नावातलं शेवटचं अक्षर जातं. दुपारीच वर आलं.

रबाळे_जुना
मी ह्या धंद्यातला नाही, निवृत्त आहे, लिनक्सवर मराठी टाइप करतो म्हणून वाचत होतो. हे तुमचं वाचून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एक्सकेबी ह्या लिनक्सच्या साध्या कीबोर्ड लेआउटच्या सोयीतला इनस्क्रिप्ट वापरतो तेव्हा कधी त्रास होत नाही, पण नातवाला मी आयबस एम१७एन मधलं आयट्रान्स, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी, लावून दिलंय, तो के दाबतो तेव्हा क् दिसतं आणि ए दाबलं की क होतं, आणि मधेच त्याने दुसरीकडे क्लिक केलं की काही प्रोग्रॅममधे ते अक्षर जातं. मला वाटायचं मशीन जुनं झालं. हे तेच आहे का?

खाडीपलीकडे
काका अगदी तेच. इनस्क्रिप्टमधे प्रत्येक बटण सरळ एक कोड पाठवतं, कच्चं असं काही नसतंच. आयट्रान्समधे क् हे स्वराची वाट बघत कच्चं बसलेलं असतं. म्हणून मी म्हणतो की कोरियनसाठी हे नीट केलं की फोनेटिक मराठी टाइप करणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो, रस्ता एकच आहे. कुठल्या प्रोग्रॅममधे होतं ते लिहा काका, ओपन सोर्स असेल तर मी स्वतः बग टाकतो.

रबाळे_जुना
लिहितो, संध्याकाळी नातू आला की त्याच्याकडून करून घेतो.

तलावपाळी_संध्याकाळ
सर्चचं काय झालं? त्यात एक मोठी गंमत आहे. क्यूटीच्या लाइन एडिटमधे टेक्स्ट मागितलं तर कच्चं अक्षर त्यात येत नाही, टेक्स्ट बदलल्याचा सिग्नलही येत नाही. म्हणून हान टाइप केलं तरी लिस्ट हलत नाही. आणि वेबवर उलटं, लोक जपानीसाठी लिहिलेला सल्ला वाचून कंपोझिंग चालू असताना सर्च थांबवतात, ते जपानीला ठीक असेल, पण कोरियन माणसाला हा म्हटल्यावर हा पासूनचे, हान म्हटल्यावर हान पासूनचे रिझल्ट लगेच हवे असतात. पाठवायच्या कृतीसाठी थांबा, फिल्टरसाठी थांबू नका, असं मी धरतो.

खाडीपलीकडे
सहमत. क्यूटीत इनपुट मेथड इव्हेंट पकडून त्यातलं प्रीएडिट कर्सरच्या जागी जोडून फिल्टर करायचं.
कॅनव्हासच्या शॉर्टकटचं पण सांगतो पटकन. कोरियन मोडमधे बी दाबलं तरी ते आधी आयएमईकडे जातं, तुमच्यापर्यंत शॉर्टकट येतच नाही. गेम खेळताना कोरियन मोड चालू राहिला की चालायची बटणं चालत नाहीत ते ह्याच कारणाने. कॅनव्हासच्या विजेटला इनपुट मेथड बंद करा, टेक्स्ट टूल उघडलं की चालू करा. फक्त टेक्स्टमधे परत आल्यावर माणूस आधी कोरियनमधे होता तर कोरियनमधेच असला पाहिजे, हे नक्की तपास.

घणसोली_लोकल
दादा आता मेन प्रश्न. हे सगळं ऑटोमेशनमधे कसं घालू? आमच्या टेस्ट क्यूटेस्ट ह्या क्यूटीच्या टेस्ट साधनातल्या कीक्लिकने चालतात, सगळ्या हिरव्या येतायत, बग असताना सुद्धा.

खाडीपलीकडे
हिरव्याच येणार. कीक्लिक थेट विजेटला बटण देतं, आयएमई मधे येतच नाही. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या वेबड्रायव्हरचं सेंड-कीज पण तसंच, तयार मजकूर आत ढकलतं. दोन थर कर. पहिला थर म्हणजे तुझा वरचा लॉग घेऊन तोच क्रम खोट्या इनपुट मेथड इव्हेंटनी पाठवायचा, ह, हा, हान, मग कमिट हा आणि प्रीएडिट ना, आणि मग माऊस, आणि शेवटी मजकूर तपासायचा. हे जलद आहे आणि रोज चालेल. क्रोमियमसाठी डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधे कंपोझिशन सेट करायची कमांड आहे ती वापर.
दुसरा थर खऱ्या आयएमईचा. विंडोजवर सेंड-इनपुटने बटणांचे कोड पाठवले तर ते आयएमईतून जातात, पण युनिकोडवाला फ्लॅग लावलास तर आयएमईला वळसा पडतो, हे विसरू नको. लिनक्सवर स्क्रीनची जुनी व्यवस्था एक्स११ असेल तर एक्सडूटूलने जी, के, एस, के पाठव, आयबस चालू ठेवून. नव्या वेलँडवर एक्सडूटूल चालत नाही, तिथे वायडूटूल घे, ते कर्नलच्या पातळीवर बटण दाबतं. हा थर हळू आहे आणि कधीकधी उगाच फेल होतो, म्हणून रोज रात्री चालव, प्रत्येक बदलाला नको. आणि रिलीजच्या आधी हाताने.

सानपाडा_जंक्शन
हाताने करताना नुसतं हाना करून थांबू नकोस हं. ई, के, एफ, आर दाब, दाल्क असं एकच अक्षर होतं ज्यात शेवटी दोन व्यंजनं आहेत, कोंबडी. मग एल दाब, ते तुटून दाल आणि गी झालं पाहिजे, ल मागे राहतो आणि फक्त शेवटचा पुढे जातो. जोडस्वर पण बघ, एच आणि के मिळून एक स्वर होतो. शिफ्ट धरून आर दाबलं की दुप्पट व्यंजन. मोठं वाक्य हवं असेल तर डी के एस एस यू डी जी के टी पी डी वाय, आन्न्योंगहासेयो होतं, बोटांना पाठ करून टाक.
बॅकस्पेस विसरू नको. हान कच्चं असताना बॅकस्पेस दिलं की हा, परत दिलं की ह, मग रिकामं. तेच पक्कं झाल्यावर एका बॅकस्पेसला पूर्ण अक्षर जायला हवं. अ‍ॅपने बॅकस्पेस स्वतःच्या शॉर्टकटमधे पकडलेलं असेल तर मागचं पक्कं अक्षर पण खाऊन टाकतं, हे मी एका नोट्सच्या अ‍ॅपमधे भोगलंय.

वागळे_सर्कल
कमाल अक्षरांची मर्यादा असलेल्या बॉक्समधे पण करून बघ. मर्यादा पाच असेल आणि पाचवं अक्षर हान असेल तर पुढे स्वर आला की न ला सहावी जागा हवी असते. तिथे काय व्हायला हवं ते क्लायंटकडून लिहून घे, आधीच.
आणि मॅक-विंडोज देवाणघेवाण असेल तर फाइलची नावं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टम नावं तुकडे करून ठेवायची, म्हणजे हाना दोन कोडांऐवजी चार होतात, ते विंडोजवर आलं की काही ठिकाणी तुकडे सुटे सुटे दिसतात आणि सर्चला सापडत नाहीत. तुलना करायच्या आधी एनएफसी, म्हणजे तुकडे परत जोडलेलं रूप, करून घ्यायचं. हा टायपिंगचा बग नाही पण तक्रार कोरियनचीच म्हणून येते आणि टायपिंगवाल्या टीमच्या गळ्यात पडते.

घणसोली_लोकल
ही आमच्याकडे आलेली आहे ऑलरेडी, अटॅचमेंट सापडत नाही म्हणून, वेगळं टिकेट करतो.
अपडेट देतो. क्लिकचा आणि फोकसचा फिक्स झाला, तिन्ही ओएसवर बघितला. विंडोजवर जुन्या आयएमईचा पर्याय सेटिंगमधे असतो, तोही चालू करून बघितला कारण क्लायंटकडे काही जण तोच वापरतात म्हणे. चॅटचा फिक्स गेला. सर्च गेलं, कॅनव्हास गेलं. लॉगवरून केलेल्या टेस्ट आमच्या डेव्हलपरने स्वतः लिहिल्या आणि जुन्या कोडवर चालवून आधी लाल येतात ते दाखवलं, मला ते फार आवडलं.
राहिलं एक. विंडोजवर अक्षर लिहून उजवं कंट्रोल दाबलं की हान्जाची, म्हणजे कोरियनमधल्या चिनी अक्षरांची, यादी उघडते ती कर्सरजवळ न येता पहिल्या मॉनिटरच्या कोपऱ्यात उघडते.

खाडीपलीकडे
इनपुट मेथड तुमच्या विजेटला विचारतं की कर्सरचा चौकोन कुठे आहे, त्याला तुम्ही रिकामा चौकोन देताय. आणि कॅनव्हास झूम होतो ना, तर झूम आणि स्क्रोल धरून हिशोब करून द्यायला लागेल, आणि कर्सर हलला की बदल झाल्याचं कळवायला पण लागेल. दुसरा मॉनिटर वेगळ्या स्केलिंगवर ठेवून टेस्ट कर, एक १०० टक्के, एक १५० टक्के. इथेच सगळ्यांचं चुकतं.

घणसोली_लोकल
केलं, झूम शंभर टक्क्यांवर असला तर आता बरोबर येते, झूम बदलला की सरकते. डेव्हलपरला दाखवलंय, त्याच्या लक्षात आलंय कुठे.
मॅकवर कॅप्सलॉकने भाषा बदलून सगळं केलं, दुबोलसिक ठीक आहे. सेबोलसिक हा दुसरा लेआउट राहिलाय, क्लायंटकडे एक सीनियर ते वापरतात असं कळलं, आणि आमच्याकडचं एकमेव मॅक आता दुसऱ्या टीमकडे गेलंय.

सानपाडा_जंक्शन
सेबोलसिकमधे सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्यंजनांची बटणंच वेगळी असतात त्यामुळे न उठून पुढे जायचा प्रकार होत नाही, पण क्लिक केल्यावर कच्चं अक्षर पक्कं होतंय का ते बघायलाच हवं. माझ्याकडे मॅक आहे. बिल्ड द्यायची परवानगी असेल तर पाठव, रविवारी करते, लॉग चालू ठेवलेलं बिल्ड दे.

घणसोली_लोकल
मॅनेजरला विचारलं, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही करून चालेल म्हणाले, ताई मेसेज केलाय तुम्हाला.

रबाळे_जुना
नातवाकडून करून घेतलं. तीन प्रोग्रॅममधे अक्षर जातं, तिन्हीकडे क्लिकवर, एकात टॅबवर पण. नावं आणि आवृत्त्या खाडीपलीकडे ह्यांना मेसेजमधे पाठवल्या आहेत.

खाडीपलीकडे
मिळाल्या काका. त्यातल्या एकाचा कोड उघडून बसलोय, माऊस दाबल्यावर तिथेही आधी रिसेट बोलवलंय. पॅच टाकला की लिंक इथे देतो, नातवाला सांगा बिल्ड करून बघायचंय.